तो उठला म्हणून

आइस हॉकीच्या सामन्यात समोरच्या संघातल्या केल्सोचं कोपर माझ्या नवऱ्याच्या कानशिलात बसलं तेव्हा मी सासऱ्यांच्या, ओरेस्टबाबांच्या शेजारी, गोलच्या मागच्या रांगेत होते. गार्थ बर्फावर आडवा झाला. मी ताडकन उभी राहिले. ओरेस्टबाबांनी कॉफीचा पेलाही खाली ठेवला नाही.

"बस गं. आमच्या घरातली माणसं उठतात."

आणि तो उठला. आधी गुडघ्यांवर, मग काठीच्या आधाराने. लोकांनी टाळ्या पिटल्या, सासऱ्यांची छाती फुगली. सामन्याच्या शेवटच्या पिरियडमध्ये तो पुन्हा खेळला.

खेळू दिलं, कारण तो चाचणीत पास झाला. हंगामाआधी, सप्टेंबरात, संघाचा डॉक्टर शब्द लक्षात ठेवायला सांगून सगळ्यांची स्मरणशक्ती तपासतो. डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा घेतो, आणि गुण घसरले तर घरी बसवतो. म्हणून हे दीडशहाणे खेळाडू सप्टेंबरातच मुद्दाम चुकतात. गार्थ दरवर्षी पिरोगी खाता खाता खिदळत सांगायचा, "मला कशाला आठवतायत शब्द! आता कुणी कितीही ठोका." मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

घरी येताना गाडी मी चालवत होते. आमच्या गल्लीच्या वळणावर त्याने विचारलं, "कुठे चाललोय आपण?"

दुसऱ्या दिवशी लीगच्या शिस्त समितीचा फोन आला. गुरुवारी खेळणार का, एवढंच त्यांना हवं होतं. मी समोरून हातवारे करत होते, सांग, सांग. गार्थने माझ्याकडे पाठ फिरवली आणि म्हणाला, "खेळणार. ठणठणीत आहे."

केल्सोला किरकोळ दंड झाला. इजा नाही, म्हणून बंदी नाही. माझं डोकंच फिरलं.

"गेल्या वर्षी तू अस्संच कोपर मारलंस, तर सहा सामने बसवलं तुला! तेव्हा कुठला नियम होता?"

"तेव्हा तो माणूस उठला नव्हता, कॅरिन."

"म्हणजे शिक्षा कोपराला नाहीच? पडून राहण्याला आहे?"

"शिवाय केल्सोला बघायला लोक येतात. मला बघायला तू आणि बाबा."

"मग सांग त्यांना खरं! सकाळी पोरीचं नाव आठवेना तुला."

"आणि रडका म्हणवून घेऊ? माझी जागा गेली की गेली."

"बरोबर बोलतोय तो," ओरेस्टबाबा मध्येच म्हणाले. "आमच्या वेळी तर हेल्मेटसुद्धा नव्हतं. काय बिघडलं माझं?"

"बाबा, तुम्ही रोज सकाळी तुमचे बूट कुठे आहेत ते मला विचारता."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मी बोलले ते बरं झालं असं मला वाटलं, आणि वाईटही वाटलं.

मी डॉक्टरांना फोन केला. ते गोड आवाजात म्हणाले, "अहो, त्याचे गुण सप्टेंबरपेक्षा चांगले आहेत."

"कारण सप्टेंबरात तो मुद्दाम चुकतो. सगळेच चुकतात."

"हे मी ऐकलं नाही असं समजतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी केल्सो पुन्हा आमच्या गावात खेळायला आला. तेच कोपर, तेच कानशील. गार्थ पडला. सगळं स्टेडियम उभं राहून वाट बघत होतं.

"ऊठ रे," बाबा पुटपुटले. मग त्यांनी पेला खाली ठेवला.

केल्सोला या वेळी वीस सामन्यांची बंदी आली. समितीने चित्रफितीसकट खुलासा दिला, गंभीर इजा लक्षात घेऊन म्हणे. लोकांनी समितीचं कौतुक केलं. माझ्या नवऱ्याने या वेळी त्यांच्या नियमाप्रमाणे वागून दाखवलं होतं, एवढाच काय तो फरक.

परवा टीव्हीवर ती फीत पुन्हा लागली, केल्सो परत खेळायला उतरणार म्हणून. गार्थ आणि बाबा सोफ्यावर होते. मी गार्थला सूप भरवत होते, त्याने माझा हात बाजूला सारला आणि पुढे झुकून बघायला लागला. पडद्यावर तो माणूस बर्फावर पालथा पडला होता.

"कोण आहे हा?" गार्थ चिडून म्हणाला. "ऊठ ना, मर्दा! लोक बघतायत!" मग तो वडिलांकडे वळला. "आपल्या घरातली माणसं उठतात. हो ना, बाबा?"

ओरेस्टबाबा घाईने उठले. टीव्ही बंद करायला ते उशा उचलून उचलून रिमोट शोधत होते. तो त्यांच्या हातातच होता.