उपटलेली दोरी

लातूरच्या आदिनाथचा पहिला बाण सुटला आणि जगदेवी मॅडमचं त्याच्याबद्दलचं मत तिथंच ठरलं. काळा चष्मा, उलटी टोपी, बोटांवर नवंकोरं चामडं. आणि दोरी सुटताच उजवा हात असा बाहेर फेकला जायचा, जणू गडी लग्नात अक्षता टाकून राहिलाय! बाण लक्ष्याच्या डावीकडून थेट गवतात.

"वाऱ्यानं गेला," तो म्हणाला.

मैदानाकडेच्या सागाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

किनवटजवळच्या त्या निवासी शाळेत मॅडम एकोणीस वर्षं खेळ शिकवत होत्या. बांबूच्या धनुष्यावर त्यांनी कितीतरी पोरी राज्यापर्यंत नेल्या. त्यातल्या एकीनंही कधी वाऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आदिनाथचे मामा वैजनाथराव पूर्वी याच शाळेत शिक्षक होते. "नांदेडच्या निवड चाचणीला पंधरा दिवस राहिलेत, पोराची तेवढी बोटं सुधारा," अशी त्यांनी गळ घातली म्हणून मॅडमनी त्याला ठेवून घेतलं. नाहीतर असल्या शोभेच्या तिरंदाजाला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं असतं.

"तू दोरी सोडत न्हाईस, उपटतोस," त्या म्हणाल्या. "हरभरा उपटावा तशी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मातीच्या भिंतीपुढं चिंध्या ठासून भरलेलं पोतं ठेवलं आणि आदिनाथला तीन पावलांवर उभं केलं. लक्ष्य नाही, गुण नाहीत, डोळे मिटलेले.

"भरलेली बादली उचलताना मूठ आवळतोस का? कडी नुसती बोटांत अडकलेली असते. दोरी तशी धर. सोडताना बोटं उघडायची न्हाईत, त्यांच्यातलं बळ काढून घ्यायचं. दोरी आपली आपण जाते. हात जबड्याला घासून मागं, कानाकडं. कळलं?"

"हाव मॅडम."

कळलं कसलं! चार दिवस पोत्यात बाण घुसत राहिले आणि हात बाहेर उडत राहिला. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, व्हिडिओत तर वेगळंच सांगतात."

"मग चाचणीला व्हिडिओलाच पाठव."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग तो म्हणाला, "एकदा तुम्ही सोडून दाखवा ना. मी अजून पाहिलंच न्हाई."

वसतिगृहाची जबाबदारी आल्यापासून पाच वर्षांत मॅडमनी एकही बाण सोडला नव्हता. पण या पोरापुढं नाही कसं म्हणणार? त्यांनी पदर खोचला, धनुष्य घेतलं आणि तीस मीटरच्या रेषेवर उभ्या राहिल्या. "बघ नीट. परत दाखवणार न्हाई."

दोरी चाबकासारखी डाव्या हातावर बसली. बाण लक्ष्य ओलांडून डावीकडं गेला, आदिनाथचे जायचे त्याच्याही पुढं.

वारा, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

आदिनाथ हसला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. पण तो गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, हात बाहेर गेला तुमचा."

मॅडमच्या मनगटाखाली लाल वळ उठला होता, पण त्यापेक्षा जास्त चरचरत होतं ते वेगळंच. पाच वर्षं दुसऱ्यांच्या बोटांवर बोट ठेवलं, आणि आपली बोटं? आजवर ज्या तुच्छतेनं त्या पोरांकडं बघत आल्या, तिच्यातला मोठा वाटा त्या दिवशी त्यांनी स्वतःला दिला.

सकाळी सहाला आदिनाथ मैदानात आला तेव्हा मॅडम पोत्यापुढं उभ्या होत्या.

"उभा काय राहिलास? माझा हात बघ. आता?"

"बाहेर."

"आता?"

"थोडा बाहेर."

त्याचा तो आवाज त्यांना अजिबात सहन होत नव्हता. तो बरोबर असायचा तेव्हा तर अधिकच. पण त्यांनी त्याला गप्प केलं नाही. एकदा त्यांची पाळी, एकदा त्याची. आठव्या दिवशी त्याचा हात पहिल्यांदा कानामागं जाऊन थांबला आणि त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"दात काढू नकोस," मॅडम म्हणाल्या. "एकदा तर बंद घड्याळाचीबी वेळ जमते."

चाचणीतून आठ जण निवडायचे होते. त्या दिवशी संध्याकाळी नांदेडहून त्याचा फोन आला.

"मॅडम, अकरावा आलो."

"किती बाणांना दोरी उपटलीस?"

"सात."

"कशावरून?"

"सुटल्या सुटल्या कळत होतं. बाण पोचायच्या आधीच."

मॅडमनी बरंच काही टोचणारं तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. पंधरा दिवसांपूर्वी या पोराला सातातला एकही कळला नसता.

"रविवारी ये," त्या म्हणाल्या. "एसटीनं ये. मामाची गाडी नको."

"येतो. पण मॅडम, निवड कुणाकुणाची झाली ते तर ऐका. पहिला आला तो..."

मॅडमनी फोन ठेवून दिला होता.