स्टुडिओतला पाम

वडील गेल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून चालवत होते. फोटो भाऊ काढायचा. प्रिंट, फ्रेम आणि गिऱ्हाइकांची उठबस ताईकडे. पामही ताईकडेच. पडद्याशेजारी ठेवलेला तो पाम माणसाच्या डोक्याच्याही वर गेला होता, आणि त्याच्याजवळ उभं राहून निम्म्या वस्तीने फोटो काढून घेतले होते. ताईने लग्न केलं नव्हतं. भाऊ हसून म्हणायचा, "आमच्या ताईचा संसार कुंडीत आहे."

ती आधी मातीत बोट खुपसून बघायची. वरची माती कोरडी लागली तरच पाणी. बशीत पाणी साचलं की लगेच ओतून टाकायची, नाहीतर मुळं कुजतात. ओल्या फडक्याने एकेक पात पुसायची. एकदा कुणाच्या तरी पोराने लोंबकळून एक दांडा वाकवला, तर तिने त्याला फ्रेमची पट्टी लावून निळ्या नाडीने बांधलं. दांडा जगला.

त्या वर्षी पातींची टोकं करपायला लागली. पानांच्या मागे बारीक जाळी धरली.

"एसीचा कोरडा वारा थेट अंगावर येतोय त्याच्या," भाऊ म्हणाला. "माझ्या गॅलरीत नेतो. सावरला की आणू परत."

ताईला भरून आलं. ज्याने कधी झारीला हात लावला नव्हता, त्याला झाडाचं एवढं लागलं होतं. टेम्पोत कुंडी चढवताना ती सांगत राहिली, "थेट ऊन नको. पानं मागून धू. आणि रोज पाणी ओतू नकोस, लाडाने मरतो तो."

"कळलं गं बाई," भाऊ म्हणाला.

त्यानंतर भाऊ दुकानात कमी दिसू लागला. बाहेरची कामं आहेत म्हणायचा. ताई फोन करायची, "पाम कसा आहे?" तो म्हणायचा, "मजेत. नवी पात निघालीय." तिला बरं वाटायचं. गिऱ्हाईक मात्र रोडावत चाललं होतं. "लोक मोबाइलवरच काढतात हल्ली," भाऊ म्हणाला, आणि ताईला ते पटलंही.

एका दुपारी ओळखीचे पोस्टमास्तर नातीचा फोटो फ्रेम करायला घेऊन आले. फोटोत नात एका उंच पामला टेकून उभी होती. ताईने फोटो काचेवर ठेवला आणि तिचा हात तिथेच थांबला. दांड्याला पट्टी होती. निळी नाडी होती.

"कुठे काढला हा?"

"तुमच्याच नव्या दुकानात की. बँकेच्या वरच्या मजल्यावर," पोस्टमास्तर म्हणाले. "जागा झकास आहे. पण फ्रेमा अजून करत नाहीत तिथे, म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही जात नाही वाटतं तिकडे?"

"अजून नाही गेले," ताई म्हणाली. फ्रेम तिने नीट करून दिली. ते गेल्यावर शटर ओढलं आणि निघाली.

नव्या स्टुडिओत काउंटरवर वहिनी बसली होती. ताईला बघून ती उठली. आत एक जोडपं पामशेजारी उभं होतं आणि भाऊ कॅमेऱ्याला डोळा लावून होता. ताई फोटो होईपर्यंत दारात थांबली.

"ताई," भाऊ म्हणाला, "सांगणारच होतो तुला."

"रोजच सांगत होतास की. किती पाती फुटल्या ते."

"तुझ्याजवळ काही नवीन करता येत नाही. पडद्याचा रंग बदलू म्हटलं तर तू वर्ष घालवतेस."

"मग तसं तोंडावर म्हणायचं होतंस. भांडले असते. ताकास तूर लागू दिली नाहीस, आणि मी इकडे झाड सुधारतंय म्हणून खूश."

ताईची नजर कुंडीकडे गेली. बशीत पाणी तुंबलेलं होतं. ताईने वाकून बशी ओढली, मोरीत रिकामी केली आणि कुंडीचा एक कान धरला. कुंडी हलेना. जोडपं बघत होतं. शेवटी भावानेच दुसरा कान धरला. एकमेकांकडे न बघता दोघांनी कुंडी जिना उतरवली. वळणावर तो सवयीने म्हणाला, "तुझ्या बाजूने जरा वर घे," आणि तिने घेतली.

टेम्पोत कुंडी चढली. भाऊ घाम पुसत उभा राहिला.

"चिडलीस?"

"गिऱ्हाईक तू नेलंस, ते गेलं," ताई म्हणाली. "पण केसाने गळा कापलास रे."

त्यानंतर ताई कॅमेरा धरायला शिकली. सुरुवातीला माणसं वाकडी यायची, मग ओळखपत्राचे फोटो बरे निघू लागले. दुकान कसंबसं चाललं. पाम तिने घरी ठेवला, खिडकीपासून थोडा आत. करपलेली पानं कापावी लागली; महिनाभर तो ओकाबोकाच होता.

वहिनी एकदा भेटायला आली. ताईने तिला चहा केला, तिच्या आईची चौकशी केली. येणं-जाणं तिने तोडलं नाही. फक्त वहिनी निघाली तेव्हा ताई म्हणाली, "त्याच्याकडे जुन्या दुकानाची किल्ली आहे. तेवढी पाठवून दे."