छत्रीखालचा नाताळ

मी एक स्वस्तातला कॅमेरा बोलतोय. रोलवर चालणारा, फोकस आपणहून करणारा, अंगानं प्लॅस्टिकचा. माझे महागडे भाऊबंद लग्नाच्या हॉलमध्ये मिरवायचे. मी वसईकडच्या कळंबच्या रस्त्याकडेला असलेल्या एका वाडीतल्या घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर बसून आहे. शेजारी मेणबत्त्यांचा पुडा आणि बंद पडलेला रेडिओ. गप्पांना दोघंही निरुपयोगी, म्हणून तुम्हाला धरलं.

मला ह्या घरात फ्रेडरिकनं आणलं. तो बोटीवर कामाला होता, म्हणजे मालवाहू जहाजावर. शहाण्णव साली सिंगापूरच्या दुकानात त्यानं सगळ्यात स्वस्त कॅमेरा मागितला आणि दुकानदारानं मला पुढे सरकवलं. आणलं ते त्याच्या वडिलांसाठी. त्यांचं नाव बॅप्टिस्ट, पण घरात सगळे बाबा म्हणतात, मीही म्हणतो. टपाल खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, हात जरासा कापणारा, नजर मंदावलेली.

"बाबा, बटण अर्धं दाबायचं. पुढचं तो बघून घेतो," फ्रेडरिक म्हणाला.

बाबांनी बटण अर्धं दाबलं. माझी मोटर झिर्रकन फिरली आणि समोरचं केळीचं पान त्यांना शिरेशिरेसकट दिसलं. कितीतरी वेळ ते मला डोळ्यापासून काढेनात.

ती दोन वर्षं माझ्या चैनीची. कळंबच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील, विहिरीच्या रहाटावर बसलेला खंड्या, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर थबकलेल्या बायका, सगळं मी पाहिलं. बाबांचे टपाल खात्यातले दोस्त आत्माराम फुलपाड्याला फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांनाही हाच नाद. रविवारी दोघं चांदीपच्या शेतांकडे निघायचे आणि एका बगळ्यासाठी अख्खी सकाळ बांधावर घालवायचे. बगळा उडून जायचा, मग एकमेकांना दोष देत डबा खायचे.

माझ्याबरोबर आलेली झूम लेन्स माझ्यासारखीच, हलकी आणि गरीब. एक दिवस आत्मारामांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली दुसरी लेन्स काढली. त्यांचा स्वतःचा कॅमेरा बिघडून पडला होता, त्याची ही पन्नास मिलिमीटरची, म्हणजे पन्नासची लेन्स. कडेला ओरखडे होते, पण माझ्या तोंडावर अशी बसली की जणू माझ्याचसाठी घडवली होती.

"हिची उजेडाची झडप पूर्ण उघडी ठेव," आत्माराम म्हणाले. "माणूस तेवढा दिसेल, मागचं सगळं विरघळून जाईल. आणि आत बघताना दिसतो तो फोकसचा मधला ठिपका कायम डोळ्यावर धर. डोळा स्पष्ट आला की फोटो जिंकला."

बाबा त्या लेन्सच्या प्रेमातच पडले. दिवसातून दोनदा मऊ फडक्यानं पुसायचे. फ्रेडरिकची आई लूर्डस, घरातली आय, जाड भिंगांच्या चष्म्यातून ते बघत असायची.

"मला कधी असं पुसलं नाय," ती म्हणायची. "पन्नासची दुसरी बायको आनलीय म्हाताऱ्यानं."

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये फ्रेडरिक पुन्हा बोटीवर चढला. करार अकरा महिन्यांचा. तो गेला आणि आयच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाज गेला, उरली ती घोगरी कुजबुज. फ्रेडरिकला एवढंच कळवलं की गाठ काढली, आता बरी आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. तो एखाद्या बंदरातून फोन करायचा तेव्हा आय रिसीव्हर कानाला लावायची आणि बोटातल्या अंगठीनं त्यावर दोनदा टकटक करायची. दोनदा म्हणजे बरी आहे. हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

खरं काय ते डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये बाबांना सांगितलं आणि बाबांनी न सांगताच आयला कळलं.

त्या दुपारी ती ओटीवर बसली होती. फ्रेडरिकची धाकटी बहीण मार्था तिच्या पायाशी शेंगा सोलत होती. आय म्हणाली, "फ्रेडीला कलवायचं नाय. मी गेले तरी नाय."

"काय बोलतेस आय!" मार्था रडायलाच लागली.

"पीटरची तार आठव," आय बाबांना म्हणाली.

पीटर म्हणजे आयचा धाकटा भाऊ. तोही बोटीवर होता. बाप गेल्याची तार त्याला भर समुद्रात मिळाली. तो एकटाच डेकवर गेला आणि सकाळी त्याची फक्त चप्पल सापडली. त्याचं थडगंही नाही. चर्चमध्ये नुसत्या नावाची मिस्सा होते.

"तिथं फ्रेडीला पोटाशी धरनारं कोनी नाय," आय म्हणाली. "घरी येऊ दे. ओटीवर बसू दे. मग सांगा." मग कपाटाकडे बोट करून म्हणाली, "तुझ्या दुसऱ्या बायकोला काढ. मागचं विरघळवते ना ती?"

तेव्हा मला कळलं की ही बाई माझ्याकडून काय करून घेणार आहे.

दोन दिवस हे काम चाललं. पाऊस रिपरिपत होता. आय ओटीच्या कडेला उजेडात खुर्चीवर बसायची, बाबा मला घेऊन अंगणात उभे राहायचे आणि मार्था माझ्यावर छत्री धरायची. काळी, जुनी छत्री, तिची एक काडी मोडून खाली लोंबत होती. मार्थानं आयच्या गालांवर पावडर लावली, गळ्याचा व्रण झाकायला स्कार्फ बांधला. माझ्या पाठीवर तारीख छापायची सोय आहे, फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटतात. बाबा एकेक बटण दाबून ते आकडे पुढे ढकलत होते.

आधी साधी साडी, ऑक्टोबर. मग माळ्यावरून नाताळचा कागदी तारा काढला, पुसून आयच्या डोक्यावर टांगला. आय हिरवी रेशमी साडी नेसली. पंचवीस डिसेंबर.

"हस ना आय," मार्था म्हणाली आणि स्वतःच तोंड फिरवून उभी राहिली.

"तू रडू नको, छत्री हलते," आय म्हणाली आणि खरंच हसली.

मग शाल पांघरून जानेवारी. मग हातात माडाच्या कोवळ्या पातीचा क्रूस, म्हणजे ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. मग ईस्टर. दर साडीनंतर तिला आत नेऊन निजवावं लागे. कुठल्याच फोटोत मागची ओली भिंत, शेवाळलेली पायरी, टपटपणारं छप्पर दिसणार नव्हतं. पन्नासच्या लेन्सनं सगळं पुसून टाकलं. दर वेळी बाबांनी मधला ठिपका आयच्या डोळ्यावर धरला, मी झिर्रकन फिरलो आणि चष्म्यासकट तो डोळा लखलखीत पकडला. मी माझं काम चोख केलं. इतकं चोख केलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

शेवटी आयनं स्कार्फ सोडला, पदरानं गालाची पावडर पुसली. "आता आजची तारीख घाल," ती बाबांना म्हणाली. "आनि इथं येऊन बस. फ्रेडी आला की हा दाखव त्याला."

बाबांनी आकडे मागे आणले, मला मार्थाच्या हातात दिलं आणि आयच्या शेजारी बसले. मार्थाला धड दिसतही नव्हतं. तिनं दोघांच्या बरोब्बर मध्ये नेम धरला. माझा ठिपका दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून मागच्या दारावर पडला. मला डोळे दिसले नाहीत, दार दिसलं. मी दार पकडलं.

सप्टेंबरात, चर्चमधला मोत माऊलीचा सण होऊन आठवडा झाला होता, आय गेली. आमच्या गावात माती देण्याआधी शवपेटीभोवती घरचे सगळे उभे राहतात आणि फोटो निघतो. परदेशात असलेल्या पोरांना तेवढंच दर्शन. शेजारच्यांनी विचारलं, "बॅप्टिस्ट, फोटो?" बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. फादरना आणि गावाला त्यांनी हात जोडून गप्प राहायला सांगितलं होतं आणि गाव राहिलंही. फ्रेडरिकच्या बोटीवर आपल्याकडचा कोणी नव्हता, म्हणून जमलं.

मग एकेक फोटो फ्रेडरिककडे जाऊ लागला. मार्था चार ओळी लिहायची, कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पाकीट द्यायची, तिथून ते कुठल्याशा बंदरात पोचायचं. फोन यायचे. आयची अंगठी आता मार्थाच्या बोटात होती. फ्रेडरिक "आय, बरी आहेस ना?" विचारायचा आणि मार्था रिसीव्हरवर दोनदा टकटक करायची. तिकडून तो गमती सांगायचा, बोटीवरच्या आचाऱ्याच्या नकला करायचा. मार्था दातात ओठ धरून ऐकायची. फोन ठेवला की मोरीत जाऊन नळ सोडायची.

"बाबा, मला नाही जमत हे," नाताळानंतर ती म्हणाली.

"ईस्टरपर्यंत, बाय," बाबा म्हणाले. "आयला शब्द दिलाय."

फ्रेडरिक मे महिन्यात आला. बाबा सकाळपासून ओटीवर बसून होते. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, ते मनात घोकत असावेत, कारण ओठ हलत होते. मला त्यांनी पुढ्यात ठेवलं होतं. रिक्षा फाटकाशी थांबली. एरवी हा मुलगा फाटकातूनच "आय" अशी हाक मारायचा. ह्या वेळी त्यानं हाक मारली नाही. त्याच्या बुटांना आणि गुडघ्यांना माती लागली होती. तो आधी दफनभूमीत जाऊन आला होता.

तो बाबांसमोर पायरीवर बसला. बॅगेतून त्यानं फोटो काढून मांडले, नाताळ, शाल, पातीचा क्रूस, ईस्टर. त्यांवर एक भिंग ठेवलं. बोटीवर नकाशे वाचायला असतं तसलं.

"आयच्या चष्म्यात बघा," तो म्हणाला.

बाबांनी भिंग धरलं. मला बघायची गरज नव्हती. आयच्या चष्म्याच्या काचेत अंगण होतं, अंगणात बाबा होते, बाबांवर छत्री होती. नाताळला छत्री. ईस्टरला छत्री. आणि प्रत्येक काचेत तीच मोडकी काडी खाली लोंबत होती. मागचं सगळं आम्ही पुसलं होतं. समोरचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाताळच्या फोटोत शंका आली," फ्रेडरिक म्हणाला. "शालीचा आला तेव्हा कळलं. एकाच पावसात आयनं सगळ्या साड्या नेसून घेतल्यात. असं माणूस कधी करतं, ते कळतं ना बाबा." मग तो दारात उभ्या असलेल्या मार्थाकडे वळला. "आणि तुझी टकटक घाईची आहे गं. आय थांबून थांबून करायची."

"मग बोलला का नाय?" बाबांनी विचारलं. "नकला कशाला करत व्हता?"

"मला वाटलं, बाबा ह्याच एका गोष्टीवर उभे आहेत. मी बोललो तर पडतील."

मग तो फोटोंकडे बघत हळूच म्हणाला, "तुम्ही कळवलं असतं तर बोटीवर चारजण जवळ बसले असते. कॅप्टननं प्रार्थना केली असती. मी चार महिने सगळ्यांना सांगत होतो, आई बरी आहे. कोणाकडे रडणार? एकदा डेकवर गेलो होतो मी. मामासारखा. आचारी सिगारेट ओढायला बाहेर आला, म्हणून परत फिरलो."

बाबांनी त्याला ओढून पोटाशी धरलं. आयनं सांगितलं होतं तसंच, ओटीवर. पण पोरगं आता रडत नव्हतं. त्याचं रडणं तिकडेच कुठेतरी संपलं होतं. रडत होते ते बाबा.

बऱ्याच वेळानं फ्रेडरिकनं विचारलं, "तिचा एखादा खरा फोटो आहे का?"

बाबांनी आत जाऊन बायबलमध्ये जपून ठेवलेला तो फोटो आणला. दोघं शेजारी बसलेले, कोपऱ्यात ऑगस्टची खरी तारीख. मागच्या दाराची कडी, कडीवरचा गंज, फळीची भेग, सगळं स्वच्छ. आणि पुढे दोन धुरकट चेहरे. फ्रेडरिकनं भिंग उचललं, चेहऱ्यावर धरलं, आणि खाली ठेवलं. आय कोणती आणि बाबा कोणते, एवढंच कळत होतं.

तरी त्यानं तोच फोटो फ्रेम करून घेतला. तो समोरच्या भिंतीवर आहे, मला रोज दिसतो. बाबांनी मला पुन्हा हातात घेतलं नाही. आत्माराम एकदा नवा रोल घेऊन आले, चहा पिऊन तसेच परत गेले. फ्रेडरिक पुन्हा बोटीवर चढला नाही, तो वसईला एका गोदामात लागला. मार्था लग्न होऊन गेली. बाबाही आता आयच्या शेजारी आहेत. नालासोपाऱ्याची रोल धुणारी लॅब बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान आलंय. पन्नासच्या लेन्सच्या काचेवर बुरशीची जाळी पसरलीय. माझा सेल केव्हाच संपला, मोटर फिरत नाही.

कधीतरी हे घर आवरायला काढतील आणि मी भंगारवाल्याच्या गाडीवरून कोणाच्या तरी हाती लागेन. तो कोणी तुम्ही असाल तर सेल घाला, रोल मिळाला तर भरा. आपल्या माणसाला आज जसं आहे तसंच बसवा, तारीख आजचीच ठेवा. आणि दोघं शेजारी बसले असतील तर मध्ये नेम धरू नका. आधी एकाच्या डोळ्यावर ठिपका धरा, बटण अर्धं दाबून ठेवा म्हणजे फोकस तिथंच राहील, मग मला हळूच मध्ये आणा. मार्थाला हे कोणी सांगितलं नव्हतं.