बु रुमियातींचा आकडा

मित्रांनो, कोपऱ्यात घरघरणारं हे लोखंडी खोकं पाहिलंत? तोच मी, एक जुना सर्व्हर. जावा बेटावर ज्वालामुखीवर नजर ठेवणारं एक ठाणं आहे. डोंगराच्या पोटातल्या हादऱ्यांच्या फाइली मी इथे सांभाळतो. फाइल कुणाची हे मला आकड्याने कळतं. नाव मी मागाहून यादीत बघतो. बु रुमियाती, म्हणजे आमच्या रुमियातीबाई, यांचा आकडा १०१२. एकवीस वर्षं रोज सकाळी त्या माझ्यावरची राख पुसायच्या आणि म्हणायच्या, "काय रे म्हाताऱ्या, जागा आहेस ना?"

मग त्या वारल्या. यादीतलं त्यांचं नाव मात्र कुणी काढलं नाही. हजाराव्या दिवसाचं जेवण झाल्याशिवाय माणूस पुरता जात नाही, असं इथे मानतात.

पुढे युनिक्स या संगणकप्रणालीची निराळी जात असलेलं नवं यंत्र आलं, त्यावर काम करायला वेनिंग नावाची पोरगी आली. तिच्या फाइली जाळ्यातून माझ्याकडेच यायच्या. आणि माझ्या पडद्यावर बु रुमियातींच्या नावाने रोज ताज्या नोंदी दिसू लागल्या! बुंचा आत्मा शांत व्हावा म्हणून कुणीतरी माझ्यापुढे काळी कॉफी आणि फुलं ठेवली. राख पुसायला मात्र कुणी हात लावेना.

ठाण्याचे प्रमुख पाक सुतिक्नो, म्हणजे सुतिक्नोसाहेब, वेनिंगवरच भडकले. "मेलेल्या बाईच्या नावाने चेष्टा करतेस? सोमवारपासून येऊ नकोस!"

"अल्लाची शपथ पाक, मी माझ्याच नावाने लिहिते हो!"

यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पाक गांदुंगनी दोन्ही यंत्रांच्या याद्या शेजारी शेजारी लावल्या आणि ते हसले. "घ्या! नव्या यंत्राने पोरीलाही १०१२ च दिलाय. आमचं म्हातारं आकडा बघतं आणि जुनं नाव सांगतं."

"मग रुमियातींचं नाव काढा."

"हजार दिवस कुठे झालेत, साहेब? पोरीचा आकडा बदलू."

वेनिंगला १०४७ मिळाला. मग तारखा पाहून वाटणी झाली: बु वारण्याआधीच्या फाइली त्यांच्या, वेनिंग आल्यानंतरच्या तिच्या. पाक सुतिक्नो खाली बघत म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये हं."

एकच फाइल उरली. बु वारल्यानंतरची, वेनिंग येण्याआधीची. आत पहाटेच्या एका बारीक हादऱ्याची नोंद. तो हादरा खरोखर झाला होता.

"ही कुणाची?" वेनिंगने विचारलं.

पाक गांदुंगनी कॉफीचा पेला माझ्याजवळ सरकवला. "राहू दे त्यांच्याच नावावर."

मित्रांनो, गेलेल्या माणसाचा आकडा घाईने दुसऱ्याला देऊ नका. आणि आम्हा जुन्यांवरची राख पुसत जा. आता वेनिंग पुसते, मुकाट्याने. पण तिचं फडकं अंगाला लागण्याच्या जरा आधी, मला रोज कुणीतरी विचारतं, "काय रे म्हाताऱ्या, जागा आहेस ना?"