दरवर्षीचा गॅस

मे महिन्यात वडिलांच्या, म्हणजे नानाजींच्या, खोलीतला एसी गार हवा देईनासा झाला, तेव्हा जयाने नेहमीप्रमाणे गोविंदाला बोलावलं. त्याचं वाडीला दुरुस्तीचं दुकान होतं. गॅलरीतल्या यंत्राला दाब मोजायचं गेज लावून त्याने नेहमीचंच वाक्य उच्चारलं, "गॅस संपला जी, मॅडम."

उन्हाळा लागला की गॅस भरून घ्यायचा, गाडीत पेट्रोल घालावं तसा, अशी कॉलनीत रीतच पडली होती. जया ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. हा गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो, हे तिला ठाऊक होतं. तरी वडिलांच्या अंगावरून वारं गेल्यापासून दर उन्हाळ्यात तिनेही तो निमूट भरून घेतला होता.

"तो संपत नाही, गोविंदा. कुठून तरी बाहेर जातो," ती या वेळी म्हणाली. "आधी ती जागा शोधा."

सीझनमध्ये हे कोणी करत नाही, असं पुटपुटत त्याने साबणाचा फेस कालवला. बाहेरचे सांधे ठीक निघाले. मग त्याने खोलीतल्या यंत्राचं झाकण उतरवून आतल्या वळणदार नळ्यांच्या कॉइलवर ब्रश फिरवला. कोपऱ्यात एक बुडबुडा आला, हळूहळू फुगला, फुटला. त्याच जागी दुसरा आला.

जया बघत राहिली. असला एक किलो गॅस हवेत गेला, तर तो जवळजवळ दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, हे ती वर्गात फळ्यावर मांडून दाखवत असे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर गच्चीवरून दिसायचा. या गॅसला ना रंग, ना वास. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत ओळीने यंत्रं टांगलेली होती आणि तिथेही दरवर्षी गॅस 'संपत' होता.

कॉइल दुकानात न्यावी लागेल, एक दिवस एसी बंद राहील, असं गोविंदा म्हणाला. बाहेर पारा सेहेचाळीसला टेकला होता. नानाजींना गरम खोलीत ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तळमजल्यावरच्या शेजारणीकडे, ताराकडे, मोठा कूलर होता. ती नानाजींना कधीची खाली बोलावत होती. पण पारशिवनीच्या शेतात धानाची पोती पाठीवर वाहिलेले नानाजी दुसऱ्यांच्या हातांवर जिना उतरायला तयार नव्हते. मले मढ्यासारखं उचलून नेऊ नका, एवढंच ते म्हणत.

तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कातडी कोरडी, तापलेली. चेहरा लाल झाला होता.

"भरा," ती गोविंदाला म्हणाली.

तो गेल्यावर तिने ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसलं. खोली गार झाली, तसे नानाजींनी डोळे उघडले.

"सापडलं का वं छिद्र?"

"सापडलं."

"बुजवलं?"

"नाही, नानाजी. कॉइल दुकानात न्यावी लागते."

"म्हणजे आतापण जाऊन राहिला तो गॅस?"

"हो."

"माह्या पायी?"

जयाने फडकं पुन्हा ओलं केलं. नानाजींनी मान भिंतीकडे वळवली.

"उद्या पहाटे बोलाव त्याले," ते म्हणाले. "मी जातो खाली ताराकडे. उचलाले माणसं मात्र धट्टीकट्टी आण. मागच्या खेपेले दवाखान्यातून आणताना त्या शेजारच्या गौरांगनं मले जिन्याच्या कठड्यावर आदळलं होतं."

सकाळी ऊन चढायच्या आत गोविंदा आला. नळ्या उघडण्याआधी, हवेत सुटू नये म्हणून, त्याने सगळा गॅस बाहेरच्या यंत्रात ओढून घेतला आणि व्हॉल्व्ह बंद केले. ते होईपर्यंत जया त्याच्यापाशी उभी होती. मग ती जिन्याकडे धावली. बोलावलेल्या दोघा माणसांनी नानाजींना खुर्चीसकट उचललं होतं. दारं उघडून शेजारी पाहत होते. नानाजींनी डोळे घट्ट मिटले होते. वळणावर खुर्ची कलली, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच चांगला हात पुढे केला, आणि जयाने तो धरला.