बेळगावला धुकं

फलकावर बेळगावच्या विमानापुढे उशिराची वेळ उमटली, तसा बिंदुमाधवरावांनी खिशातून फोन काढला.

"काका, पुन्हा डिले? आता काय झालं?" शेजारच्या खुर्चीतल्या आर्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. ओळख तासाभराचीच. मूळची पुण्याची, बेंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर, कामासाठी बेळगावला निघालेली.

"तिकडे धुकं आहे म्हणे. थांब, आपल्या माणसाला विचारतो."

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर, हवामान कचेरीत, त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. तेव्हा आठवड्यातून तीनदा विमान यायचं. गावची पोरंबाळं कुंपणाला चिकटून उभी राहायची आणि धावपट्टीवरच्या म्हशी आधी हाकलाव्या लागायच्या. कचेरीच्या गच्चीवर बसवंत असायचा. सांबऱ्याचाच, पदानं शिपाई, पण नजर घारीची. दर अर्ध्या तासानं तो वरून ओरडायचा, "चिंच दिसतीया, देऊळ दिसतंया, डोंगर न्हाई!" चिंच हजार मीटरवर, देऊळ दोन हजारावर. खाली बिंदुमाधवराव किती लांबवरचं दिसतं तो आकडा मोठ्यानं वाचत वहीत लिहायचे आणि तोच वैमानिकापर्यंत जायचा.

आता ते काम यंत्रं करतात. निवृत्त झाल्यावर बिंदुमाधवराव मुलीकडे बेंगळूरच्या हेब्बाळला आले, त्याला नऊ वर्षं झाली. बसवंतचे फोन आधी दर रविवारी यायचे, मग सणासुदीला, हल्ली तेही नाहीत. म्हणून तर हे तिकीट काढलं होतं.

"साहेब! निघालासा काय?" बसवंतचा आवाज तसाच खणखणीत होता.

"बेंगळूरलाच अडकलोय. धुकं किती आहे रे?"

"बघून येतो. धरा जरा."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग त्याची बायको यल्लव्वा दबक्या सुरात बोलली,

"अण्णा, तुमास्नी सांगू नको म्हणाल्यात. पण घरात आल्यावर कळणारच की. त्यांची नजर गेली. दोन वर्सं झाली. कायबी दिसत न्हाई."

बिंदुमाधवरावांनी फोन या कानावरून त्या कानाला घेतला. आर्या त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

फोन पुन्हा खरखरला. बसवंतला धाप लागली होती.

"चिंच दिसतीया, साहेब. देऊळ न्हाई. हजार मीटर धरा."

त्यांनी बोर्डिंग पासची कोरी बाजू गुडघ्यावर सरळ केली. घड्याळ पाहिलं, पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं,

"सात पंचेचाळीस. हजार मीटर."

"बरोबर."

"सव्वाआठला पुन्हा सांग."



"सांगतो की," बसवंत म्हणाला. "तुमी उतरस्तोवर बघतच हाय मी."