गोडाऊनवालीची नात

दोन हजार सात साल. अंजूरच्या हौसाबाईंना एवढंच समजलं होतं, की नात उन्नतीच्या विद्यापीठाची पोरं एक सहामाही एखाद्या कंपनीत काम शिकायला जातात. कंपनी ज्यानं त्यानं शोधायची. शनिवारपर्यंत पत्र आलं नाही तर पोरगी घरीच. सत्तावीस अर्ज गेले होते, उत्तर एकाचंही नव्हतं.

"हात्तिच्या!" हौसाबाई म्हणाल्या. ज्याची जमीन त्याच्या घरात नोकरी, हा तर गोडाऊनवाल्यांशी अंजूरचा कायदाच. काष्टा आवळून त्या थेट आपल्या जागेवरच्या गोडाऊनात गेल्या. मॅनेजरनं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, पत्रही टाइप करून दिलं.

उन्नतीनं ते वाचून परत त्यांच्या हातात ठेवलं.

"यात मी कुठंय, आजी? 'जागामालकीणबाईंची नात' लिहिलंय. नावसुद्धा नाही."

"नाव काय चाटाचाय? शिक्का हाय ना!"

"तो तुझ्या जमिनीला मारलाय."

"शानी झाली! र्‍हा मंग घरान, थाप भाकऱ्या!"



शुक्रवारी दुपारी बंगळूरहून एका कंपनीचा फोन आला. उन्नती माजघरात उभ्यानंच बोलू लागली. तेवढ्यात शेजारची ठमाबाई विरजण मागत आली. "तोंडाला झाकन घाल, ठमे," हौसाबाई दारात आडव्या झाल्या. "पोरगी परीक्षेला बसलीय."

इंग्रजी डोक्यावरून गेलं, पण मधलं हिंदी कळलं. उन्नती सांगत होती, आमच्या गोडाऊनात नाशिकचा माल ट्रकमध्ये आधी भरला, जळगावचा त्याच्यावर. नाशिकला अख्खा ट्रक उपसावा लागला. तेव्हा मी आठवीत होते. दुसऱ्या खेपेला हमालांना सांगितलं, लांबचा आधी भरा.

हौसाबाई चकित झाल्या. गोडाऊनच्या ओट्यावर बसून ही पोर अभ्यास करते, असं त्या समजत होत्या!

शनिवारी उन्नती भिवंडीच्या सायबर कॅफेतून कागद घेऊन धावत आली. हौसाबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. "तुजं नाव कुठं हाय?" नातीनं दाखवलं. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा, परत एकदा. मग पदर खोचला नि गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या.

"ठमे, आमची उन्नती बंगळूरला चालली!"

"हां, तुमाला काय," ठमाबाई म्हणाली, "कुनाच्या तरी वळखीनं लागली आसंल."

"वळख?" हौसाबाईंचा आवाज पार खाडीपर्यंत गेला. "बंगळूरला आमची गुंठाभर जमीन नाय, ठमे!"